बेडूक सोडा, रेणूबद्दल बोला

२०२२ च्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने लोकांना जाहीर विनंती केली की, अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातला बेडूक दिसला तर कृपया त्याला चाटू नका. जगभर हशा पिकला. त्या हशात एक साधी गोष्ट मात्र राहून गेली, ती म्हणजे या बेडकाला चाटून नशा होतच नाही, विषबाधा तेवढी होऊ शकते. असं का, ते पुढे सांगतो. पण तेव्हापासून या बेडकाभोवती जो वाद चाललाय, तो त्या चाटण्याच्या विनोदापलीकडे फारसा गेलेला नाही. एक गट म्हणतो, बेडकाच्या ग्रंथींतला स्राव म्हणजे वाळवंटाने दिलेलं पवित्र औषध, आणि प्रयोगशाळेत बनवलेलं तेच द्रव्य म्हणजे आत्मा नसलेलं 'केमिकल'. दुसऱ्या गटाला हे सगळं जंगली विष वाटतं. बंदी घाला आणि मोकळे व्हा, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की त्यांच्यातल्याच काहींना एखाद्या कंपनीने तेच द्रव्य शुद्ध करून नाकातल्या फवाऱ्यात भरलं की ते एकदम सभ्य वाटू लागतं. दोघांचीही चूक एकच आहे. पदार्थ कुठून आला यावरून तो काय आहे हे दोघंही ठरवतात. माझ्या मते रेणूला गोत्र नसतं. या स्रावात नशा आणणारा ५-मेओ-डीएमटी हा रेणू ग्रंथीतून पिळून काढलेला असो की काचेच्या चंबूत तयार झालेला, मेंदूत तो तेच करतो. म्हणून बेडकाला हात लावायचं कोणतंही कारण आज उरलेलं नाही. वाद घालायचाच असेल तर तो मात्रेचा, सोबतच्या औषधांचा आणि शेजारी बसणाऱ्या माणसाचा घालावा.

हा मुद्दा मी एकदा एका मित्राला पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवला होता. बेंझिनची षटकोनी कडी, तिला चिकटलेली पाच अणूंची कडी, त्या पाचांत एक नायट्रोजन. लहान कडीतून निघालेली दोन कार्बनची शेपटी आणि शेपटीच्या टोकाला आणखी एक नायट्रोजन. हा झाला ट्रिप्टामाइनचा सांगाडा. मोठ्या कडीवर पाचव्या जागी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवला की सेरोटोनिन, जे आत्ता तुमच्याआमच्या आतड्यांत आणि मेंदूत वाहतंय. त्याच सेरोटोनिनच्या शेपटीवर दोन मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) बसवले की बुफोटेनिन. बुफोटेनिनच्या हायड्रॉक्सिलवर आणखी एक मिथाइल चढवला की ५-मेओ-डीएमटी. पाचवी जागा रिकामीच ठेवली तर नुसतं डीएमटी, आणि हायड्रॉक्सिल पाचवरून शेजारच्या चौथ्या जागी सरकवला तर सायलोसिन, म्हणजे 'जादूच्या अळंबी'तलं खरं काम करणारं द्रव्य. मित्र 'सजीव ऊर्जा' वगैरे मानणारा. बराच वेळ पाकिटाकडे बघून त्याने विचारलं, "यातला बेडकाचा कुठला?" मी म्हटलं, चित्रावरून ते सांगता येत असेल तर तूच सांग.

सांगता येत नाही, आणि इतिहास तर त्याहून खट्याळ आहे. ५-मेओ-डीएमटी पहिल्यांदा बनलं ते जपानमध्ये, १९३६ साली, होशिनो आणि शिमोदायरा या रसायनशास्त्रज्ञांच्या हातून. ते निसर्गात सापडलं १९५९ साली, तेही दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीत. सोनोरन बेडकाच्या कातडीत ते असल्याचं १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं. ते दाखवणाऱ्यांत इटलीचे व्हित्तोरियो एर्सपामेर होते, म्हणजे ज्यांनी तीसच्या दशकात आतड्यातून 'एंटेरामिन' वेगळं काढलं आणि ज्याचं पुढे सेरोटोनिन म्हणून बारसं झालं, तेच. थोडक्यात, क्रम प्रयोगशाळा, झाड, बेडूक असा आहे. 'कृत्रिम' म्हणून हिणवला जाणारा रेणू माणसाला बेडकाच्या एकतीस वर्षं आधी भेटला होता. मग अस्सल कोणता आणि नक्कल कोणती? नावांचा गोंधळ तर आणखीच भारी. बुफोटेनिन हे नाव 'बुफो' या बेडकांच्या प्रजातीवरून पडलं, आणि कारखान्यात बनणाऱ्या ५-मेओ-डीएमटीचं औषध म्हणून अधिकृत नाव ठरलंय 'मेबुफोटेनिन'. म्हणजे प्रयोगशाळेतल्या मालाच्या नावात बेडूक बसलाय, आणि खुद्द बेडकाला मात्र जीवशास्त्रज्ञांनी बुफो प्रजातीतून उचलून इन्सिलियसमध्ये टाकलंय.

एका मिथाइलने काय फरक पडतो, हे बघायला बुफोटेनिनसारखं उदाहरण नाही. त्याचा हायड्रॉक्सिल उघडा असतो. पाण्याला जवळचा, चरबीला परका, त्यामुळे मेंदूभोवतीची तटबंदी ओलांडणं त्याला जड जातं. पन्नासच्या दशकाच्या मध्यात ओहायोमधल्या तुरुंगात कैद्यांना हे द्रव्य शिरेतून टोचण्यात आलं. त्यांचे चेहरे वांग्यासारखे जांभळे पडले, अशी नोंद संशोधकांनी केली. मेंदूपेक्षा रक्तवाहिन्यांचेच हाल जास्त झालेले दिसतात. तो प्रयोग कितपत खुशीचा होता, हा प्रश्न आज कोणीही विचारील. पण याच तऱ्हेच्या पुराव्यावर बुफोटेनिन 'भ्रमकारक' ठरलं आणि अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात सर्वांत कडक यादीत जाऊन बसलं. त्याच कायद्याच्या नजरेतून ५-मेओ-डीएमटी मात्र निसटलं, आणि त्या यादीत यायला त्याला जानेवारी २०११ उजाडला. म्हणजे चाळीस वर्षं अमेरिकेत ज्या रेणूने चेहरा जांभळा होतो तो कडक बंदीत होता आणि ज्याने माणसाला 'मी'चाच विसर पडतो तो यादीबाहेर. बुफोटेनिन मेंदूवर काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. त्यावर पुढेही वाद झाले आहेत. पण औषधाच्या नावात बेडूक आहे का, यावर कायदा करायला लागलं की असंच होतं.

आता त्या चाटण्याबद्दल. आपल्या आतड्यांत आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम पहाऱ्याला असतं. ५-मेओ-डीएमटी पोटातून गेलं तर ते रक्तात पसरण्याआधीच हे एन्झाइम त्याचा बराचसा फडशा पाडतं. उरतात ती बेडकाची बाकीची विषं, आणि त्यांना हा पहारा अडवत नाही. म्हणून चाटणाऱ्याच्या नशिबी नशा नाही, फक्त विष. वाफेवाटे फुप्फुसांतून गेलं तर पहारा चुकतो. मग काही सेकंदांत परिणाम सुरू होतो आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. डीएमटी घेणारे रंग, आकृत्या, प्राणी, दालनं यांची वर्णनं करतात. ५-मेओ-डीएमटीची वर्णनं बहुतेक वेळा रिकामी असतात. पांढरं सगळं, मग काहीच नाही, बघणाराही नाही. या फरकाचं निदान एक कारण रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवर अशी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागांमध्ये, सापडतं. बहुतेक सायकेडेलिक, म्हणजे भ्रम दाखवणारी, द्रव्यं सेरोटोनिनच्या २ए रिसेप्टरवरून काम करतात. ५-मेओ-डीएमटी २ए ला चालना देतंच, पण १ए ला ते त्याहून कितीतरी पट घट्ट चिकटतं. आणि १ए हा रिसेप्टर चिंता आणि नैराश्याच्या औषधशास्त्रात जुना ओळखीचा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच रेणूला थोडं वळवून १ए कडे झुकणारं संयुग बनवलं गेलं. उंदरांत भ्रमाच्या खुणा दिसल्या नाहीत, नैराश्य आणि चिंता कमी झाल्याच्या खुणा मात्र दिसल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण बेडकाची आरती ओवाळून हा प्रश्न कोणाला सुचला असता का?

हाच पहारेकरी एन्झाइम जीवही घेऊ शकतो, तो असा. ॲमेझॉनकडच्या आयावास्का या विधीतल्या पेयात हर्मालिनसारखी द्रव्यं असतात, ती या एन्झाइमला झोपवतात. नैराश्यावरची काही जुनी औषधंही तेच करतात. एन्झाइम झोपलेलं असताना ५-मेओ-डीएमटी घेतलं तर ते मोडत नाही, साचत जातं, आणि सेरोटोनिनचा पूर येऊन ताप, झटके, हृदय कोलमडणं इथवर गोष्ट जाते. २००५ साली वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेलेल्या एका मृत्यूत ही दोन्ही द्रव्यं एकत्र सापडली होती. यात भर म्हणजे रेणूचा थोडा भाग यकृतातलं दुसरं एक एन्झाइम, सीवायपी२डी६, बुफोटेनिनमध्ये बदलतं, आणि हे एन्झाइम माणसामाणसांत जन्मतःच कमीजास्त असतं. म्हणजे हे द्रव्य ओढण्याच्या एकाच विधीत शेजारी बसलेल्या दोघांची शरीरं तोच रेणू वेगवेगळ्या वेगाने मोडतात. विधी लावणाऱ्याने आलेल्या माणसाला 'तू कुठल्या गोळ्या घेतोस?' हे विचारलं का, यावर जीव अवलंबून असतो. त्या जागी तो विचारतो, तुझा हेतू शुद्ध आहे का.

विरोधी बाजूत दम असलेलेही मुद्दे आहेत. पहिला असा, की स्राव म्हणजे एक रेणू नव्हे. त्यात बुफोटेनिन असतं, इतर ट्रिप्टामाइन असतात, आणि एकत्र आल्यावर ही द्रव्यं वेगळं काही करत असतील. तत्त्वतः हे पटण्याजोगं आहे; वनस्पतींच्या बाबतीत असे एकत्र परिणाम दिसतातही. पण मग त्या यादीत बुफाडायनोलाइडही धरा. हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडणारी ही विषं, डिजिटॅलिस या हृदयावरच्या वनस्पतिजन्य औषधाच्या जातकुळीतली. ॲरिझोनात दर पावसाळ्यात कुत्री हा बेडूक तोंडात धरतात आणि मरतात, ती यांच्याचमुळे. शिवाय सुकवलेल्या स्रावात ५-मेओ-डीएमटीचं प्रमाण ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत हलतं. डोळ्यांना सारखाच दिसणारा तुकडा एकदा एकपट, एकदा तिप्पट. ज्या द्रव्याचा असर सेकंदांत चढतो आणि मध्येच थांबवता येत नाही, त्याच्या बाबतीत या अनिश्चिततेला 'समग्रता' म्हणणं म्हणजे वैद्याच्या पुडीतल्या खड्यालाही औषध म्हणणं झालं.

दुसरा मुद्दा परंपरेचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पदार्थ विधीतून उपटून काढला की त्याचा अर्थच बदलतो, आणि ज्यांनी तो जपला त्यांच्या हाती काहीच राहत नाही, असं लोक म्हणतात तेव्हा त्यात तथ्य असतं. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातल्या मारिया साबिना या अळंबीचे विधी करणाऱ्या मासाटेक जमातीच्या बाईंची गोष्ट इथे आठवते. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली अळंबीतून सायलोसायबिन (शरीरात ज्याचं सायलोसिन होतं ते) वेगळं केलं, पाठोपाठ प्रयोगशाळेत बनवलंही, आणि १९६२ मध्ये अळंबीचे अभ्यासक गॉर्डन वॉसन यांच्याबरोबर त्याच्या गोळ्या घेऊन ते थेट तिच्या घरी गेले. गोळ्या विरघळायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला ती नाराज झाली. पहाटेपर्यंत तिचं मत बदललं. हॉफमन यांनी लिहून ठेवलंय की, गोळ्यांत अळंबीइतकीच शक्ती आहे असं तिने सांगितलं, आणि अळंबी उगवत नाही त्या दिवसांतही आता विधी करता येईल याचा तिला आनंद झाला. 'कृत्रिमात आत्मा नसतो' हे वाक्य तिचं नाही, तिच्या नावाने उदबत्ती लावणाऱ्यांचं आहे. पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हीच बाई पुढे म्हणाली, की परके आल्यापासून तिच्या 'पवित्र मुलां'ची, म्हणजे अळंबीची, शक्ती गेली. गोळीने तिचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते दारात लागलेल्या रांगेने.

बेडकाच्या बाबतीत तर परंपरेचा दाखलाच कच्चा आहे. ट्रिप्टामाइनची खरी जुनी परंपरा वनस्पतींची. १४९० च्या दशकात कोलंबसच्या सांगण्यावरून हिस्पॅनिओला बेटावर राहिलेल्या रामोन पाने या साधूने तिथल्या मूळ रहिवासी ताइनो लोकांची 'कोहोबा' ही नाकाने ओढायची पूड वर्णिली आहे. ती ज्या झाडाच्या बियांची मानतात त्यांत बुफोटेनिन असतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात व्हिरोला झाडाच्या राळेची पूड ओढतात, तिच्यात ५-मेओ-डीएमटीच असतं. बोलिव्हियाच्या नैर्ऋत्येला सापडलेल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका गाठोड्यात बुफोटेनिनच्या खुणा मिळाल्या. बेडकाचं काय? मेसोअमेरिकेच्या शिल्पांत बेडूक दिसतात, मेक्सिकोतल्या प्राचीन ओल्मेक लोकांच्या वस्तीत बेडकांची हाडंही मिळाली. पण ती दुसऱ्या जातीच्या बेडकाची, ज्याच्या स्रावात ५-मेओ-डीएमटी नसतं. सोनोरन बेडकाचा स्राव सुकवून ओढायची पद्धत जगापुढे आली ती १९८४ साली टेक्सासमध्ये छापलेल्या एका पातळशा पुस्तिकेतून. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याच्या किनाऱ्यावरच्या सेरी लोकांशी आज हा विधी जोडला जातो, तो त्यांच्याकडे बाहेरून गेला, तेही याच शतकात. परंपरेचा मान राखायचाच तर व्हिरोलाची पूड करणाऱ्यांना विचारा, त्यांना काय हवंय. चाळीस वर्षांच्या पद्धतीला पाच हजार वर्षांचा मुलामा चढवणं हा त्या लोकांचा अपमान आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. कंपन्या येतील, रेणूचा क्षार बदलून, फवारा बदलून पेटंट घेतील, आणि १९३६ पासून सगळ्यांचा असलेला रेणू चार लोकांच्या तिजोरीत जाईल. हे होतंय, आणि मला ते आवडत नाही. चाचण्यांचे निकालही डोळे उघडे ठेवून वाचायला हवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका आयरिश कंपनीने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ८१ रुग्णांवरच्या चाचणीचे आकडे जाहीर केले. आठव्या दिवशी नैराश्याच्या मोजपट्टीवर औषध आणि नकली औषध यांत १५.५ गुणांचा फरक. मोजपट्टी साठ गुणांची, तेव्हा हा फरक दणदणीत आहे. पण जाहीर करणारी कंपनी तीच जी उद्या विकणार, आणि आपल्याला खरं औषध मिळालं की नकली, हे रुग्णाला पहिल्याच मिनिटात कळतं; आंधळी चाचणी आंधळी राहतच नाही. हे सगळं मान्य करूनही विचारतो, यावर बेडूक हा उपाय कसा? पेटंटला उत्तर पेटंटच्या कायद्यात शोधायचं, जुन्या रेणूवर नवं कुंपण घालू न देऊन. कंपनीच्या नफ्याचा राग बेडकाच्या ग्रंथींवर काढून कोणाचं भलं होणार?

बंदीवाल्यांशी मी फार वेळ घालवणार नाही. त्यांची भीती खरी आहे. २०१९ साली स्पेनमध्ये अशाच एका विधीत एका छायाचित्रकाराचा जीव गेला. पण बंदी २०११ पासून अमेरिकेत आहेच, आणि बेडकाचा बाजार त्यानंतरच फोफावला. बंदीने मोजमाप जातं, विचारपूस जाते, रुग्णवाहिकेला फोन करायची हिंमत जाते. द्रव्य जात नाही.

प्राण्यातून रेणू सोडवून घेण्याचा माणसाचा अनुभव जुना आहे. कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या त्या एका पिशवीसाठी किती हरणं मेली याची मोजदाद नाही. तिचा सुगंध ज्याचा, तो मस्कोन १९०६ साली वेगळा काढला गेला, वीस वर्षांनी रसायनशास्त्रज्ञ रुझिच्का यांनी त्याची रचना उलगडली, आणि आज अत्तरांत दरवळते ती बहुतेक प्रयोगशाळेतली कस्तुरी. तरीही 'अस्सल' कस्तुरीसाठी हरणं मारली जातातच. ती मरतात वासापायी नव्हे, 'अस्सल' या शब्दापायी. इंजेक्शनं जंतुविषमुक्त आहेत का हे तपासायला नालखेकड्याचं निळं रक्त काढतात. आता त्याच प्रथिनाची जनुकतंत्राने बनवलेली आवृत्ती उपलब्ध आहे, तरी सवयीने खेकडे पकडणं चालूच आहे. बेडकाचं याहून वेगळं होईल असं मानायला आधार काय?

हा बेडूक वर्षातला बराच काळ जमिनीखाली असतो. जुलैच्या सुमारास वाळवंटात पाऊस येतो, खड्ड्यांत डबकी साचतात, आणि तो बाहेर येतो. पसरट, शेवाळी रंगाचा, ओल्या चामड्यासारख्या कातडीचा, तळहातात मावणार नाही असा. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी, मागच्या पायांवर आणखी. डबकं सुकायच्या आत त्याला जोडीदार शोधायचा असतो, आणि पिल्लांना शेपटी गळून पाय फुटायचे असतात. सगळा हिशेब काही आठवड्यांचा. नेमक्या याच रात्री माणसं विजेऱ्या आणि काचेचे तुकडे घेऊन येतात. ग्रंथी काचेवर दाबतात, दुधासारखी चिळकांडी उडते, आणि ती वाळली की पात्याने खरवडून घेतात. मग बेडूक सोडून देतात, त्याला काही इजा झाली नाही असं एकमेकांना सांगत, कधी त्याच डबक्यापाशी, कधी गाडीतून नेऊन भलतीकडेच, आधीच्या बेडकाची बुरशी लागलेल्या हातांनी. कॅलिफोर्नियात कोलोरॅडो नदीच्या काठी हा बेडूक पूर्वी असायचा, आता दिसत नाही; न्यू मेक्सिकोने त्याला धोक्यातल्या प्राण्यांत धरलंय. त्याचं विष त्याला कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचायला लागतं. त्याच्या ग्रंथींतलं ते विष संपलेलं असतं तेव्हा पाऊस अजून चालू असतो आणि रात्र बरीच उरलेली असते.